शरयूताई आणि निकालानंतरची सकाळ

मंडळी, नमस्कार.

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या बरं, खुर्च्या आहेत. मोरिता-साननी सकाळीच येऊन मांडून ठेवल्यात, अगदी पट्टी लावल्यासारख्या सरळ. बाहेर बूट-चपला नीट लावल्यात ना? आज तरी लावा. ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्यांनी ह्याच दाराशी उभं राहून किती वेळा आपल्या पोरांना, आणि खरं सांगायचं तर पोरांच्या बापांना, बूट नीट लावायला सांगितलं. आज त्या सांगायला नाहीत म्हणून...

बघा, सुरुवातच जमत नाहीये मला.

आज माइकही नाही. का नाही, ते शेवटी सांगते. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, ओरडू नका.

वसंतराव मला म्हणाले, "अनघा, तू बोल, तुला बोलता येतं." वसंतराव, मला भांडता येतं हो! बोलता येतं की नाही ते आज कळेल. भांडायलाही तुमच्या बायकोनंच शिकवलं, आणि भांडण संपल्यावर काय करायचं तेही त्यांनीच शिकवलं. मी तेवढंच सांगणार आहे. आणि रडत सांगणार नाही. ताई जिंकून गेल्यात, मंडळी. जिंकलेल्या माणसाबद्दल रडत बोललेलं त्यांना आवडलं नसतं.

क्योतोहून, सेंदाईहून काही विद्यार्थी मुद्दाम आलेत, काही नवीन कुटुंबंही दिसतायत. त्यांच्यासाठी आधी ओळख सांगते. शरयूताई मुंबईच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. वसंतरावांची बँकेनं तोक्योला बदली केली, "दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे" असं म्हणून. आपल्या सगळ्यांचाच तो दोन-तीन वर्षांचा प्रश्न होता, नाही का? ताई नोकरी सोडून आल्या. पण विषय सोडून आल्या नाहीत. त्यांचा विषय एकच, सार्वमत. म्हणजे आख्ख्या देशाला एक प्रश्न विचारायचा, हो की नाही, आणि लोक जे म्हणतील त्या वाटेनं देशानं जायचं. कुठल्या देशानं काय विचारलं, लोकांनी काय सांगितलं, मग पुढे त्या देशाचं काय झालं, सगळं त्यांना तोंडपाठ.

माझी त्यांची पहिली भेट कचऱ्यापाशी झाली. मी नवीन होते, हातात बाटल्यांची पिशवी, आणि तो दिवस बाटल्यांचा नव्हता. एक बाई मागून आल्या, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, म्हणाल्या, "बाटल्या गुरुवारी. मराठी दिसतेस. नॉर्वेबद्दल तुझं काय मत आहे?"

आता मला सांगा, काय उत्तर द्यायचं ह्याला? नॉर्वेबद्दल आपल्याला काही मत असू शकतं, हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, मला अजून बाटल्यांचंच कळलेलं नाही." त्या एवढ्या हसल्या की सायकल काढणाऱ्या एका आजोबांनी वळून पाहिलं. ते मोरिता-सान होते. ह्या आपल्या बिल्डिंग्जची जी रहिवाशांची कमिटी आहे, जिचिकाई, तिचे तेव्हाही तेच अध्यक्ष होते आणि आजही तेच आहेत. ते बघा, पहिल्या रांगेत बसलेत. शेजारी माझी ईरा बसून त्यांना हळू आवाजात जपानीत सगळं सांगतेय. ईरा, मी त्यांच्याबद्दल वाईट बोलले तर तेही सांग हं. गाळायचं नाही.

तर ताईंनी ह्या हॉलमध्ये शनिवारी सकाळचा वर्ग सुरू केला. मुलांना मराठी शिकवायचं, एवढाच बेत होता. आपल्या घरांत तेव्हा काय चाललं होतं आठवा. आपण मराठीत विचारायचं, पोरांनी जपानीत उत्तर द्यायचं. आमची ईरा तिसरीत होती, घरात पाणीसुद्धा जपानीत मागायची. बाराखडी म्हटलं की मुलं जांभया द्यायची. ताईंनी दोन शनिवार बघितलं आणि पुस्तकं बाजूला ठेवून दिली. म्हणाल्या, "भाषा भांडताना येते. आपण मतदान घेऊ."

पहिलं मतदान नॉर्वेचं. युरोपातल्या देशांनी एक मोठा गट केलाय, आपण त्यात जायचं का? खऱ्या नॉर्वेनं हा प्रश्न आपल्या लोकांना दोनदा विचारला, वीसेक वर्षांच्या अंतरानं, आणि लोक दोन्ही वेळा नाही म्हणाले. तो देश आजही बाहेर आहे. मुलांना ताईंनी हे आधी सांगितलंच नाही. अर्धी मुलं शहरातली केली, अर्धी कोळी केली. आमची ईरा कोळीण. मी घ्यायला आले तर बाहेर जिन्यापर्यंत आवाज, "माझे मासे मीच पकडणार! तुम्ही कोण सांगणारे?" शुद्ध मराठीत! मी दाराशी थांबले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. पाण्यासाठी जिला मराठी सुचत नव्हतं, ती माशांसाठी मराठीत भांडत होती.

मोजणी झाली. कोळी जिंकले. ईरा नाचायला लागली. ताईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "आता डबे काढा. जो जिंकला त्यानं हरलेल्याच्या शेजारी बसून डबा खायचा." ईरानं गाल फुगवले. "का पण?" ताई म्हणाल्या, "का ते सांगते, बस."

आणि मग त्यांनी गोष्ट सांगितली ती त्यांच्या घरची.

ताई मूळच्या गोव्याच्या. त्यांचे वडील फोंड्याकडच्या एका गावात मराठी शाळेचे मास्तर. ताई शाळकरी होत्या तेव्हा गोव्याला प्रश्न विचारला गेला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? मतपत्रिकेवर दोन चित्रं. विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. ताई प्रामाणिक, नेहमी सांगायच्या की काटेकोरपणे बघितलं तर हे काही देशाचं सार्वमत नव्हे, आपल्या देशानं एका प्रदेशाला विचारलेला प्रश्न होता तो. पण त्यांच्यासाठी तेच पहिलं आणि तेच खरं. वडील फुलाचे, हाडामांसानं फुलाचे. गावोगाव सायकलवरून फिरून सभा घेतल्या त्यांनी. आणि आई? आईनं चुलीपाशी बसून शांतपणे सांगून टाकलं, "मी दोन पानांना देणार." का, तर म्हणे, "आपलं घर आपण चालवू. पाहुणे म्हणून कुणीही यावं." एका घरात फूल आणि पानं! वडील तिच्याशी बोलेनात. समोर एक पाव भाजणारे शेजारी होते, तेही दोन पानांचे, त्यांच्याशी तर कधीचंच बोलणं बंद.

दोन पानं जिंकली. तुम्हाला माहीतच आहे. वडील ओसरीवर येऊन बसले. शाळेचं कुलूप काढायला उठेनात. म्हणाले, "आता इथे मराठी शाळेचं काय काम?"

आणि निकालानंतरच्या सकाळी समोरचा तो पाववाला आला. फडक्यात गुंडाळलेले गरम पाव घेऊन. जिंकलेला माणूस हरलेल्याच्या दारात! म्हणाला, "मास्तर, माझा पोरगा शाळेच्या पायरीवर बसून राहिलाय. उघडताय ना?"

वडिलांनी चावी घेतली. शाळा उघडली. पुढे कितीतरी वर्षं चालली.

ताई मुलांना म्हणाल्या, "सगळे म्हणतात, गोव्याचं भविष्य मोजणीच्या दिवशी ठरलं. मी तिथे होते. निम्मं त्या दिवशी ठरलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर ठरलं." ईरानं गपचूप डबा उचलला आणि एका हरलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसली. त्याला अर्धी पुरणपोळी दिली. मला घरी येऊन म्हणाली, "आई, पुढच्या शनिवारी जास्त दे, मी परत जिंकणार आहे."

असा आपला वर्ग. आता तो केवढा आवाज करत असेल, तुम्हीच विचार करा. चिलीचं मतदान झालं त्या दिवशी तर पोरांनी हॉल डोक्यावर घेतला होता. एका लष्करशहानं लोकांना विचारलं, मी अजून राहू का? त्याला वाटलं, हो म्हणतील. लोक नाही म्हणाले, आणि बंदुका असून त्याला जावं लागलं. आमच्या पोरांनी "नाही! नाही! नाही!" अशा घोषणा दिल्या. अर्धा तास.

त्या आठवड्यात मोरिता-सान ताईंकडे आले. कमरेत वाकले, पुन्हा वाकले, हवापाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले की रहिवाशांपैकी काहींना शनिवारी सकाळचा आवाज जरासा त्रासाचा होतोय. कुणाला, ते सांगेनात. इथे ते सांगत नाहीत. ताईंनी मुलांना समज दिली, पण समज दिलेली मुलं किती दिवस गप्प बसतात? तुमची बसतात? शेवटी कमिटीच्या वार्षिक सभेत विषय निघाला, हा हॉल वर्गाला द्यायचा की बंद करायचा.

इथली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आधी घरोघरी जाऊन, चहा पिऊन सगळं ठरवायचं, आणि सभेत फक्त माना डोलवायच्या. मोरिता-सानना तसंच हवं होतं. आपले पुरुष म्हणत होते, "ताई, कशाला वाढवता, माफी मागू, आवाज कमी करतो म्हणू." ताई म्हणाल्या, "नाही. विचारू दे. मतदान होऊ दे. आमची इतकी घरं आहेत इथे, आम्हीही इथलेच रहिवासी आहोत. आम्हालाही विचारलं जाऊ दे." मी तर पदरच खोचला. घरं मोजली, आपण जिंकत होतो. अगदी आरामात जिंकत होतो!

आणि मंडळी, आपण हरलो.

कसे हरलो, ते काही लोक विसरलेत. मी विसरू देणार नाही. हसू नका समीर, स्वतःचा नवरा म्हणून सोडणार नाही, तुमच्याबद्दलच बोलतेय. सभेच्या आधी सगळ्यांच्या टपालपेटीत एक कागद आला होता. ज्यांना सभेला यायला जमणार नाही त्यांनी आपलं मत अध्यक्षांकडे सोपवावं, असा. जपानीत. आता आपले नवरे, एकेक जण बँकांची आख्खी सिस्टिम सांभाळणारे, चालू सिस्टिममध्ये साधा बदल करायचा तर दहा जणांचं अप्रूव्हल मागणारे. ह्यांनी तो कागद बघितला, म्हणाले, "सोसायटीच्या मीटिंगची नोटीस असेल," आणि दिला इथे सहीऐवजी चालतो तो घरचा शिक्का मारून. एकानं मारला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, "अरे, शिक्का मारून खाली टाकायचा असतो." झालं! मजल्यामागून मजले शिक्के. आणि अध्यक्ष कोण? मोरिता-सान. हॉल बंद व्हावा म्हणणारेही मोरिता-सानच.

सभेत ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. हातात आपल्या घरांचे सगळे कागद. म्हणाले, "ही मतं माझ्यावर सोपवली आहेत. नियमाप्रमाणे ती मी माझ्या मतानुसार द्यायची." आणि दिली. आपल्याच मतांनी आपल्याच पोरांचा वर्ग बंद झाला. असा पराक्रम जगात कुठल्या देशानं केला असेल, तर ताईंना नक्की माहीत असता.

मग काय विचारता! सभा संपल्यावर खाली सायकलींपाशी आपले वाघ गरजायला लागले. फसवणूक आहे, वॉर्ड ऑफिसला जाऊ, वकील बघू. मीही त्यातच होते, सगळ्यांत मोठा आवाज माझा. ताई आल्या. म्हणाल्या, "कागद आला होता का?" आला होता. "शिक्का तुम्ही मारलात का?" मारला. "मग मोजणी बरोबर आहे. आपण हरलो."

मी म्हटलं, "ताई, असं कसं?" त्या माझ्याकडे वळल्या. एरवी हसतमुख बाई, पण तेव्हा आवाज चढला होता. "तिकडे बंदुका असलेल्या माणसाला मोजणी मान्य करावी लागली, अनघा. आणि तुला एका हॉलसाठी करवत नाही? हरल्यावर मोजणी मानायची नसेल, तर मग पोरांना शनिवारी मी काय शिकवत होते?"

वाघ एकेक करून जिन्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोरिता-सानच्या दारात. डब्यात शंकरपाळे. जिंकलेला आला नाही तर हरलेल्यानं जावं, एवढंच मला म्हणाल्या. मला ओढून नेलं होतं, म्हणून मी पाहिलं. मोरिता-सान दार उघडून उभे. ताईंनी जपानीत सांगितलं, "अभिनंदन. तुम्ही नियमानं जिंकलात." त्यांनी डबा घेतला, आणि इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं पाठ धरली की काय.

वर्ग खाली सायकल-स्टँडपाशी गेला. थंडीत, वाऱ्यात, जॅकेटं घालून. मुलं कुरकुरली तेव्हा त्यांनी स्वित्झर्लंड काढलं. तिथे बायकांना मत द्यायचं का, हे विचारलं फक्त पुरुषांना. पुरुष नाही म्हणाले. दहा-बारा वर्षांनी परत विचारलं, हो म्हणाले. ईरानं विचारलं, "मधली दहा-बारा वर्षं बायकांनी काय केलं?" ताई म्हणाल्या, "सायकल-स्टँडपाशी वर्ग घेतला." पोरं खिदळली. मी नाही हसले. मला राग येत होता, अजूनही येत होता. पण मी शनिवारी यायचं सोडलं नाही.

पुढे इथे सार्वमताचा कायदा झाला, आठवतंय? पेपरांत, टीव्हीवर तेच चाललं होतं. ह्या देशाची राज्यघटना बदलायची झाली तर लोकांना विचारावंच लागतं, हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे. पण कसं विचारायचं त्याचा कायदाच नव्हता, आणि आजपर्यंत एकदाही विचारलेलं नाही. एकदाही नाही! ताई तर काय, घरी लग्न असल्यासारख्या फिरत होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? घटना बदलावी की नाही?" म्हणाल्या, "मला मत नाही इथे. आणि असतं तरी सांगितलं नसतं. शिकवणाऱ्यानं प्रश्न समजावून द्यावा."

आणि एका शनिवारी मोरिता-सान सायकल-स्टँडपाशी आले. आम्हाला वाटलं, झालं, आता इथूनही उठवणार. ते आले, ताईंसमोर उभे राहिले, आणि म्हणाले... ईरा, हे तूच आम्हाला तेव्हा मराठीत सांगितलं होतंस, चुकलं तर दुरुस्त कर. ते म्हणाले, "मी म्हातारा झालो. माझ्या देशानं मला असा प्रश्न कधी विचारला नाही. तुमच्या घरी विचारला गेला होता, असं मुलं सांगतात. विचारलं जाणं कसं असतं?"

ताई काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "त्या सभेतली तुमच्या लोकांची मतं मला अजून टोचतात. त्यांनी न वाचता शिक्का मारला. उद्या आम्हाला देशाचा प्रश्न विचारला, तर आम्हीही न वाचताच शिक्का मारू का?"

मंडळी, मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, ताई आयुष्यभर कशाच्या मागे होत्या. तोपर्यंत मला वाटायचं की बाईंना देशांचं वेड आहे, झालं. एका हॉलसाठी आपले शिक्के चुकले, तर मुलं थंडीत बसली. आख्ख्या देशाचे चुकले, तर पिढ्यान् पिढ्या थंडीत बसतात. प्रश्न कुणी लिहिला, लोकांनी तो वाचला का, वाचायला वेळ मिळाला का, आणि हरलेला दुसऱ्या दिवशी त्याच देशात आनंदानं राहू शकतो का? देशाचं पुढचं सगळं ह्यावर ठरतं. ताईंनी त्यांना बसायला स्वतःची घडीची खुर्ची दिली. म्हणाल्या, "बसा. आज आयर्लंड आहे."

आणि मोरिता-सान दर शनिवारी आले. पोरांमध्ये बसले. हरलेही पुष्कळदा, हो की नाही हो मोरिता-सान? आणि प्रत्येक वेळी कुठलं ना कुठलं पोर डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलं. साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडते, हे अर्ध्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

मग ताई आजारी पडल्या. ते सगळं तुम्हाला माहीत आहे, मी परत सांगत नाही.

ह्या वर्षीच्या सभेला हॉलचा विषय पुन्हा यावा, हे त्यांनीच ठरवलं होतं. हॉस्पिटलमधून सूचना द्यायच्या. पहिली सूचना, "प्रश्न मोरिता-सानना लिहू द्या. नाही म्हणणाऱ्यालाही तो सरळ वाटला पाहिजे." दुसरी, "ह्या वेळी इथल्या पद्धतीनं आधी घरोघरी जा. तेव्हा मी गेले नाही, नुसतं मतदान मागितलं." आपण गेलो. जपानी येणाऱ्या बायका पुढे, न येणाऱ्या मागे. आपल्या घरांत तर तो कागद मी स्वतः वाचून दाखवला, आणि समीरचा शिक्का त्या आठवडाभर माझ्या पर्समध्ये होता. मतं गुप्त, कागदावर दोन शब्द, हवा त्याला गोल करायचा. मोरिता-साननी स्वतः काय केलं, ते आजही सांगत नाहीत. विचारलं की हसतात.

आणि आपण जिंकलो! दणदणीत जिंकलो! ह्या हॉलमध्ये आजोबा-आज्यांनी टाळ्या वाजवल्या, आपल्या पोरांनी उड्या मारल्या, समीरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून, कोन्बिनीतून, होतं नव्हतं तेवढं आइस्क्रीम आणलं. मी तशीच धावत हॉस्पिटलात.

"ताई, जिंकलो!"

केवढ्या खूश झाल्या! मला परत सांगायला लावलं. परत. कोण काय म्हणालं, टाळ्या कुणी वाजवल्या, मोरिता-सान कसे उभे होते. मग उशीला टेकल्या आणि विचारलं, "कोण हरलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाही म्हणणारे कोण होते? का म्हणाले?"

"ताई, गुप्त मतदान होतं. आणि कोण का असेना! जिंकलो ना आपण?"

 मग हळूच म्हणाल्या, "अनघा, डबा कुणाच्या शेजारी बसून खाल्लास?"

मी उठले. तशीच परत आले, घरून शंकरपाळ्यांचा डबा उचलला. मोरिता-सानच्या दारात जाऊन म्हटलं, मला हरलेल्यांकडे जायचंय.  मग त्यांनी वर फोन केला, परवानगी घेतली, आणि मला ह्या हॉलच्या बरोबर वरच्या घरात घेऊन गेले. ओनो-सानकडे.

ओनो-सान म्हणजे त्या नेहमी राखाडी कार्डिगन घालणाऱ्या आजी, लिफ्टमध्ये आपल्या पोरांना चॉकलेट देतात त्या. मी डबा पुढे केला, आणि त्यांनी काय करावं? माझी माफी मागितली. "विरोधात मत दिलं, क्षमा करा." आतल्या खोलीत त्यांचे यजमान झोपलेले. कितीतरी वर्षं अंथरुणाला आहेत. रात्रभर दुखतं, सकाळी कुठे जरा डोळा लागतो. आणि शनिवारी सकाळी खालून, "नाही! नाही! नाही!"

पहिल्या दिवसापासूनची तक्रार त्यांची होती. नाव सांगू नका, मुलांना वाईट वाटेल, असं त्यांनी मोरिता-सानना सांगितलं होतं. मोरिता-साननी इतकी वर्षं ते सांभाळलं, आपल्या शिव्या खाल्ल्या आणि सांभाळलं.

आम्ही तिघांनी बसून चहा घेतला, शंकरपाळे खाल्ले. रोज चारच्या सुमाराला त्या यजमानांना चाकाच्या खुर्चीतून कालव्याकडे फिरायला नेतात, हे तेव्हा कळलं. म्हणून आपला वर्ग आता शनिवारी चार वाजता असतो. नवीन पालकांनी कुरकुर केली होती ना, की दुपारी क्लास का? त्याचं उत्तर हे आहे.

मी जाऊन ताईंना सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. शेवटी म्हणाल्या, "हं. आता लागला निकाल."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. वसंतराव, मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही शेजारीच होता. तुम्ही पाहिलंय, त्या कशा चेहऱ्यानं गेल्या.

लोक विचारतील, ह्या बाईनं काय केलं? कुठे निवडून आल्या नाहीत, सार्वमतावरचं पुस्तक लिहून पुरं झालं नाही, परदेशात नवऱ्यामागे आलेली एक बाई. मी सांगते काय केलं. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी वर्षी लोकांना मोठा प्रश्न विचारला जाईल. इथे, भारतात, कुठेही. तेव्हा रांगेत आपली पोरं असतील. ती प्रश्न वाचतील. मोजणी मानतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन शेजारच्या दारात जातील. अशी पोरं ताईंनी सायकल-स्टँडपाशी घडवली. ह्याहून मोठा विजय मला तरी माहीत नाही.

आता माइकचं. आज शनिवार आहे आणि सकाळ आहे. वर ओनो-सानचे यजमान झोपलेत. आपणही चार वाजताच जमणार होतो, पण विमानं, गाड्या, दूरची माणसं, जमेना. हे ओनो-सानच्या कानावर गेलं तर त्या स्वतः खाली आल्या, म्हणाल्या, "सकाळीच घ्या. त्या दिवशी चालेल आम्हाला." यजमानांना सोडून त्यांना येता आलं नाही. समोरची ती पांढरी फुलं त्यांची आहेत.

आता आपण उभे राहू या. खुर्च्या ओढू नका, उचलून मागे ठेवा. मुलांनो, तुम्हीसुद्धा.

आपण ज्यांना हरवलं, त्या बाईंनी इतक्या वर्षांत आपल्याकडे एकच गोष्ट मागितली होती. शांतता. ती आज आपण सगळ्यांनी मिळून त्यांना देऊ या, आणि तीच शरयूताईंना वाहू या. मोरिता-सान घड्याळ बघतील. ते खूण करेपर्यंत, कुणीही आवाज करू नका.